गिअर उडतोय? आधी दांडा तपासा

भांडुपमधून जाणाऱ्या लालबहादूर शास्त्री मार्गाला जुनी मंडळी अजून आग्रा रोडच म्हणतात. ट्रकांच्या दृष्टीने हा रस्ता खानदानी. याच रस्त्यावर कुर्ल्यात प्रीमियरचा कारखाना होता. तिथे डॉज आणि फार्गो ट्रक तयार व्हायचे. १९५४ मध्ये टेल्कोने डाइम्लर-बेन्झशी १५ वर्षांचा करार केला आणि टाटा-मर्सिडीज रस्त्यावर आली. १९६९ मध्ये करार संपला, बॉनेटवरचा तारा गेला, ट्रक मात्र धावत राहिले. त्या घराण्यातले नाकवाले ट्रक आज कुठे टँकर म्हणून, कुठे निव्वळ मालकाच्या हौसेपोटी टिकून आहेत. ही हौस सरकारदरबारी फारशी मोजली जात नाही. २०२१ च्या नियमांत ५० वर्षांपुढच्या दुचाकी आणि मोटारींना ‘व्हिंटेज’चा मान मिळाला, ट्रकला नाही.

अशा ट्रकचा मालक गॅरेजात येतो तो निदान करूनच: “गिअरबॉक्स गेला.” बऱ्याचदा तो गेलेला नसतो. बॉक्स उतरवायचा म्हणजे प्रोपेलर शाफ्ट सोडा, जॅक लावा, साखळी बांधा, माणसं जमवा आणि दिवस घालवा. म्हणून तपासणी वरून खाली करावी: क्लच, दांडा, वरचं झाकण आणि सगळ्यात शेवटी पोट.

सुरुवात उभ्या गाडीवर. चाकांना ठोकळे लावा, इंजिन आयडलवर ठेवा, क्लच पूर्ण दाबा, मनात दहापर्यंत मोजा आणि मग रिव्हर्स टाका. जुन्या बॉक्सात पहिला आणि रिव्हर्स बहुधा सरळ दात्यांचे असतात, त्यांना सिंक्रो नसतो. तेवढ्या वेळात आतला शाफ्ट थांबायला हवा. तरीही खर्रर्र आवाज आला तर क्लच पूर्ण सुटत नाही. पेडलचा फ्री प्ले वाढलेला असेल, लिंकेजच्या पिना झिजल्या असतील, प्लेट वाकली असेल किंवा फ्लायव्हीलमधलं पायलट बेअरिंग शाफ्टला धरून ठेवत असेल. फ्री प्ले आणि पिना बाहेरूनच सुधारतात. गाडी उभी असताना गिअर शांतपणे पडतात आणि चालताना खरडतात, तर डबल क्लच मारून बघा. न्यूट्रलमध्ये क्लच सोडून पुन्हा दाबल्यावर आवाज बंद झाला, तर संशय सिंक्रोवर. पितळी रिंग गिअरच्या कोनाला घट्ट धरून दोघांचा वेग सारखा करते. रिंगेच्या आतले बारीक आटे झिजले की ती नुसती घसरते.

आता दांडा. मूठ धरून न्यूट्रलमध्ये गोल फिरवा. ती वीतभर हिंडत असेल तर घाबरण्याआधी थोडं गणित करा. दांडा ज्या गोळ्यावर टेकून फिरतो, त्याच्या खाली ८ सेंटिमीटर आणि वर ६४ सेंटिमीटर लांबी आहे असं धरू. खालच्या टोकाला खाचेत २ मिलिमीटर ढिलाई असली की मुठीला १६ मिलिमीटर जाणवते. त्याच्या उलट बाजूचं गणित जास्त महत्त्वाचं. वर दांडा सीटला किंवा केबिनच्या पत्र्याला अडला, तर खाली फोर्क पूर्ण सरकत नाही आणि गिअर अर्धाच बसतो. इंजिनाचं किंवा केबिनचं रबर बसलं की पत्र्यातलं भोक आणि दांडा यांचा मेळ जातो. अशा वेळी भोकाच्या कडेला घासून चकचकीत झालेला एक पट्टा दिसतो. रबरी टोपी वर करून तो शोधा. बॉक्समध्ये काहीही न बिघडता गिअर उडण्याचं कारण तिथेच सापडतं.

मग झाकणाभोवतीची माती धुऊन काढा, नाहीतर तीच तेलात पडेल. टोपण सोडून दांडा उपसा. त्याचं खालचं बोट मुळात गोलसर असतं. झिजलं की त्याला दोन्ही बाजूंनी चपटे गाल पडतात. असं बोट दोन शिफ्टर रॉडच्या खाचांमधून निसटून मध्येच अडकतं. ऐन सिग्नलला दांडा मेल्यासारखा होतो तो यामुळे. वेल्डिंगचं भरण देऊन लेथवर पुन्हा घडवलेलं बोट वर्षानुवर्षं चालतं. गोळ्याखालची स्प्रिंग आणि वॉशर मात्र नवेच घाला.

झाकण उलटं केलं की शिफ्टर रॉड दिसतात. प्रत्येक रॉडवर खळगे आणि त्यांत स्प्रिंगने दाबलेली पोलादी गोळी असते. गिअर जागेवर धरून ठेवते ती ही गोळी. स्प्रिंग मेली किंवा खळग्याची कड गोल झाली की गिअर उडतो. दोन रॉडांच्या मध्ये छोटी इंटरलॉक पिन असते. झाकण उघडताना ती हमखास घरंगळते आणि कुणाच्या लक्षात येत नाही. तिच्याविना एकाच वेळी दोन गिअर पडू शकतात; मग क्लच दाबूनही ट्रक ढकलता येत नाही.

फोर्कचे गाल बघा. एकीकडून चाटून गेलेला गाल म्हणजे ड्रायव्हर हात दांड्यावर टेकवून चालवतो. हाताचा भार फोर्कवरून फिरत्या स्लीव्हवर जातो आणि गाल झिजत राहतो. पितळेचं भरण देऊन दोन्ही गाल समांतर घासले तर तो फोर्क वापरायला माझी ना नाही.

एवढं करूनही तिसरा गिअर कसाऱ्याचा घाट उतरताना उडत असेल आणि चढताना नाही, तर पोट उघडायची वेळ आली. चढावर इंजिन चाकांना ओढतं, उतारावर चाकं इंजिनाला. तिरप्या दात्यांवरचा रेटा त्या वेळी उलट दिशेला जातो. मेन शाफ्टला मागेपुढे ढिलाई असेल किंवा डॉग दात्यांच्या कडा निमुळत्या झाल्या असतील, तर तो रेटा स्लीव्हला बाहेर ढकलतो. स्प्रिंग बदलून हे थांबत नाही. आत शिरलातच तर सिंक्रो रिंग हाताने कोनावर दाबून तिच्यात आणि गिअरच्या दात्यांत फट उरते का ते बघा. फट मिटली असेल तर रिंग संपली.

आवाजाची कुंडली सोपी आहे. न्यूट्रलमध्ये घरघर आणि क्लच दाबताच शांतता: पुढच्या शाफ्टचं बेअरिंग. क्लच दाबल्यावरच आवाज: रिलीज बेअरिंग. टॉप सोडून सगळीकडे आवाज: काउंटर शाफ्ट, कारण थेट टॉपमध्ये त्याच्यावर भार नसतो.

तेलाबद्दल गॅरेजवाले आळशी असतात. एकाच डब्यातलं ९० नंबर बॉक्समध्येही ओततात आणि डिफरन्शियलमध्येही. डिफरन्शियलला जीएल-५ ठीक, पण त्यातली गंधकयुक्त रसायनं पितळेला खाऊ शकतात. सिंक्रोच्या बॉक्सला जीएल-४ द्यावं. जुनं तेल पांढऱ्या फडक्यावर ओता. सोनेरी भुकटी आली तर रिंगा, टोचणारी पोलादी कपची आली तर दाते. दुधाळ तेल म्हणजे पाणी शिरलंय. पावसाळ्यात तुंबलेल्या रस्त्यातून गरम बॉक्स गेला की तो आतून थंड होतो आणि ब्रीदरमधून किंवा सीलमधून पाणी ओढून घेतो.

गॅरेजात ट्रक देताना “गिअरबॉक्स गेला” म्हणू नका. कोणता गिअर, रिकामा की भरलेला, चढावर की उतारावर, थंड की गरम, एवढं सांगा. आणि बदललेले भाग परत मागून घ्या. जुना फोर्क नव्याशेजारी ठेवून पाहिलात की बिल बरोबर आहे की नाही हे दुसऱ्या कुणाला विचारावं लागणार नाही.