खय चललंस?

तळकोकणातल्या कुडाळच्या एसटी स्टँडवर हातात पिशवी घेऊन उभं राहिलं, की पाच मिनिटांत कुणीतरी विचारतंच, "खय चललंस?" त्याला तुमच्या प्रवासाशी फारसं देणंघेणं नसतं. "हयच" एवढं उत्तर दिलं तरी गडी खूश. हा तिथला नमस्कार. गुरुग्रामच्या जुन्या वस्तीतला हरयाणवी ताऊ "कित जा रह्या सै?" म्हणतो, तोही याच गोत्रातला. 2016 साली त्या शहराचं कागदोपत्री गुरुग्राम झालं, पण जुन्या माणसांच्या तोंडचं गुडगाव काही हललं नाही. सरकारी नाव एक आणि जिभेवरचं दुसरं, हा अनुभव मालवणी माणसालाही आहे.

सह्याद्रीच्या पायथ्यापासून समुद्रापर्यंतची कोकणाची दक्षिणेकडची चिंचोळी पट्टी म्हणजे तळकोकण. 1 मे 1981 रोजी रत्नागिरीतून वेगळा झालेला सिंधुदुर्ग जिल्हा याच पट्टीतला. इथल्या बोलीला आज मालवणी म्हणतात. भाषाभ्यासक ग्रियर्सनने 1905च्या भाषा-सर्वेक्षणात ती 'कुडाळी' म्हणून नोंदवली आणि कोकणीखाली घातली. जनगणनेच्या तक्त्यांतही मालवणी कोकणीच्याच पोटात. बोलणाऱ्याला विचारलं, तर तो बहुधा "आमची मराठीच" म्हणतो.

दोघांचंही चूक नाही. 'मला-तुला'चं 'माका-तुका', 'आला'चं 'इलो', 'मुलगा-मुलगी'चं 'झील-चेडू', नवऱ्याचं 'घोव': ही सगळी गोव्याशी सोयरीक. शाळा, वर्तमानपत्र आणि मुंबईतली नोकरी मात्र मराठीतली.

शिव्यांचं खातं तर स्वतंत्रच. 'आवशीचो घोव' हा शब्दशः 'आईचा नवरा'. पण एसटी चुकली, पाऊस अवेळी कोसळला किंवा बांगडा महागला, की पहिला उद्गार तोच. 'मेल्या' ही तर लाडाची हाक. जुना मित्र भेटल्यावर ती तोंडातून आली नाही, तर समजावं, काहीतरी बिनसलंय.

ही भाषा महाराष्ट्रभर पोचवली ती 1980 साली आलेल्या 'वस्त्रहरण' या नाटकाने. गंगाराम गवाणकरांचं लेखन, मच्छिंद्र कांबळींचा तात्या सरपंच आणि महाभारतातलं नाटक बसवता बसवता गावाची उडालेली त्रेधा. प्रयोग 5000च्या पुढे गेले. पुढे 2016 साली 'रात्रीस खेळ चाले' या मालिकेने मालवणी घराघरांत नेली.

या यशाची किंमतही मोजावी लागली. मालवणी पात्राने तोंड उघडलं रे उघडलं, की प्रेक्षक हसायला तयार. ज्यांनी देवळात गाऱ्हाणं ऐकलंय, त्यांना हे खटकतं. एकजण देवापुढे उभा राहून "बा देवा म्हाराजा" म्हणत कुणाचं आजारपण, कुणाचं रखडलेलं लग्न, कुणाची मुंबईतली नोकरी एकेक करून मांडतो आणि प्रत्येक मागणीनंतर मागची माणसं एका सुरात "व्हय म्हाराजा" म्हणतात. तिथे कुणी हसत नाही. 

2027च्या जनगणनेसाठी प्रगणक दारात येईल, तेव्हा मातृभाषा विचारेल. सांगाल तीच तो लिहून घेईल.