दरवाजे नसलेलं धरण

धरण म्हटलं की आपल्याला दरवाजे आठवतात. कोयनेचे दरवाजे किती फुटांनी उचलले, खडकवासल्यातून मुठेत किती क्युसेक सोडले, या बातम्यांशिवाय आपला पावसाळा सरत नाही. अमेरिकेत, ओक्लाहोमा राज्याच्या पश्चिम भागात, कॉर्डेल गावाजवळच्या क्लाउड क्रीक या ओढ्यावरच्या धरणाची अशी बातमी कधीच येणार नाही, कारण त्याला उचलायला दरवाजाच नाही. चाक नाही, मोटर नाही, रात्रपाळीचा चौकीदारही नाही. ओढ्याला आडवा घातलेला, गवताने झाकलेला मातीचा भराव आणि त्यामागे थोडंसं पाणी, एवढाच त्याचा संसार.  लिहायला मी हेच धरण निवडलं, कारण ज्याला कुणी चालवत नाही असं यंत्र मला जास्त कोड्यात टाकतं.

इतिहास थोडक्यात असा. वॉशिटा नदी टेक्सासच्या उत्तर टोकाला उगम पावून ओक्लाहोमाच्या तांबड्या मातीतून वाहते. एप्रिल १९३४ मध्ये तिला आलेल्या पुरात हॅमन गावाच्या परिसरात १७ माणसं गेली. त्याच वर्षांत धुळीची वादळं शेतांचा वरचा थर उडवून नेत होती. नांगरून उघडी पडलेली जमीन वाऱ्यालाही धरवत नव्हती आणि पाण्यालाही. १९३५ मध्ये ह्यू हॅमंड बेनेट यांच्या नेतृत्वाखाली केंद्राचं मृदसंधारण खातं उभं राहिलं. १९४४ च्या पूरनियंत्रण कायद्याने अकरा पाणलोट क्षेत्रांत कामं मंजूर केली, त्यांत वॉशिटाचं खोरं होतं. याच खोऱ्यातलं क्लाउड क्रीकचं धरण या कायद्याखालचं पहिलं. ते जुलै १९४८ मध्ये पुरं झालं.

तेव्हा वाद पेटला होता तो मोठं की छोटं, असा. एल्मर पीटरसन या ओक्लाहोमातल्या पत्रकाराने मोठ्या धरणांच्या वेडावर १९५४ मध्ये आख्खं पुस्तक लिहिलं. दुसऱ्या बाजूचं म्हणणंही खोटं नव्हतं. ओढ्यावरचं धरण त्याच्या लगतची शेतं वाचवतं, पण शेकडो मैल खाली मोठ्या नदीला येणारा महापूर ते अडवू शकत नाही. त्याच वर्षी अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी छोट्या पाणलोटांच्या कायद्यावर सही केली आणि धरणांचा धडाका सुरू झाला. आज ४७ राज्यांत अशी ११,८०० हून अधिक धरणं आहेत. त्यांतली २,१०७ एकट्या ओक्लाहोमात.

आता यंत्र. तळ्यात काठापासून थोड्या अंतरावर काँक्रीटची एक उभी विहीर असते. तिचा कठडा पाण्याच्या नेहमीच्या पातळीला, वर लोखंडी जाळी. विहिरीच्या तळातून एक पाइप भरावाच्या पोटातून पलीकडे ओढ्यात निघतो. पाऊस झाला, तळं चढलं, की पाणी कठड्यावरून विहिरीत पडतं. पण पाइपचा व्यास ठरलेला, त्यातून जाईल तेवढंच जाणार. मोरीवर बादली उपडी केली तरी पाणी आपल्याच चालीने निघतं, तसंच. बाकीचा पूर भरावामागे थांबतो आणि साधारण दहा दिवसांत उतरतो. त्यानंतर पुढचा पाऊस आला, तर जागा रिकामी. निर्णय घ्यायला माणूस नाही, म्हणून माणसाची चूकही नाही.

पाऊस अंदाजाबाहेर गेला तर? भरावाच्या एका टोकाला मूळच्या जमिनीत खोदलेला रुंद चर असतो. हा आपत्कालीन सांडवा. त्याचा तळ विहिरीच्या कठड्याहून उंच, पण धरणाच्या माथ्याहून खाली. त्यात काँक्रीट नाही, फक्त गवत. वर्षानुवर्षं तिथून पाणी जात नाही आणि गाई खुशाल चरतात. या गवतावर विश्वास किती टाकायचा, हे स्टिलवॉटर इथल्या सरकारी जलशास्त्र प्रयोगशाळेत दशकानुदशकं तपासलं गेलं आहे. तिथे मातीचे बांध बांधून त्यांवरून मुद्दाम पाणी सोडतात आणि ते फुटताना पाहतात. भराव वरून विरघळत जात नाही. पाणी आधी पलीकडच्या उतारावर एक पायरी कोरतं. पायरीची कड ढासळते आणि ती माथ्याकडे मागे सरकू लागते. ती तळ्यापर्यंत पोचली, की धरण संपलं. गवताची दाट मुळं ही पायरी पडायलाच उशीर लावतात.

म्हणजे धरण चालवावं लागत नाही, पण सांभाळावं लागतं. हे काम स्थानिक मृदसंधारण मंडळाचं. त्यांचा माणूस पिकअपमधून येतो, दाताळं घेऊन जाळीवरच्या फांद्या, गवताचे पुंजके, प्लॅस्टिक ओढून काढतो. त्याचा कायमचा प्रतिस्पर्धी बीव्हर. या प्राण्याला वाहत्या पाण्याचा आवाज आला की तो बुजवावासा वाटतो, आणि विहिरीत पडणारं पाणी चांगलाच आवाज करतं. दिवसा माणसाने काटक्या आणि चिखल उपसायचा, रात्री बीव्हरने परत भरायचा. जाळी तुंबली की पाइप मुका, तळं भरलेलं आणि पुढच्या पुरासाठी जागा नाही. त्याखेरीज गवत कापणं, जमिनीत बिळं करणाऱ्या गोफरची भोकं बुजवणं, आणि भरावावर उगवणारी सीडरची रोपं वेळीच उपटणं. रोप हाताने निघतं. झाड झालं की त्याची मुळं भरावात शिरतात, आणि ती कुजली की पाण्याला वाट मिळते.

खरी अडचण मात्र धरणाच्या वयाची आहे. यांतली बहुतेक ५० वर्षांच्या हिशेबाने बांधली होती. ते आयुष्य कितीतरी धरणांचं उलटून गेलं. सुरुवातीला वापरलेले नालीदार पत्र्याचे पाइप गंजले. गाळासाठी राखलेली जागा भरत आली. काही ठिकाणी मातीच दगा देते. ओक्लाहोमातली काही चिकणमाती पाण्यात अक्षरशः दुधासारखी विरते. अशा मातीचे अनेक भराव भेगांतून पाणी शिरून आतून पोखरले गेले. १९७० च्या दशकात जेम्स शेरार्ड या अभियंत्याने त्यांचा अभ्यास केला, तेव्हा कुठे अशी माती ओळखण्याच्या चाचण्या रूढ झाल्या.

सगळ्यांत अवघड गोष्ट मातीत नाही, धरणाच्या यशात आहे. धरण बांधलं तेव्हा खाली गहू आणि कापूस होता. फुटलं असतं तर एक पीक गेलं असतं, म्हणून ते कमी धोक्याच्या वर्गात बसलं आणि त्याच बेताने बांधलं गेलं. मग पूर यायचा थांबला. जमीन सुरक्षित दिसू लागली, घरं आली, रस्ते आले. धरणाची एक वीट हलली नाही, तरी कागदावर ते ‘अतिधोक्याचं’ झालं. आता त्याच भरावाने खूप मोठा पाऊस पचवायला हवा. म्हणजे माथा उंच करायचा, सांडवा रुंद करायचा, पाइप बदलायचा. २००० साली अमेरिकी काँग्रेसने यासाठी कायदा केला. खर्चाचा ६५ टक्के वाटा केंद्राचा, उरलेला स्थानिकांचा. हा उरलेला वाटा उभा करताना छोट्या मंडळांच्या नाकी नऊ येतात. नवं धरण म्हटलं की फीत कापायला पुढारी येतो. जुना पाइप बदलायला कुणी येत नाही.

हे वाचताना आपल्याकडचं तिवरे आठवल्याशिवाय राहत नाही. चिपळूण तालुक्यातलं ते छोटं मातीचं धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटलं आणि वीसहून अधिक माणसं गेली. गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती. नंतर दोष खेकड्यांवर आला आणि राज्यभर त्याची थट्टा झाली. पण बिळं हा मातीच्या धरणांचा जगभरचा नेहमीचा रोग आहे, आणि त्याचा उपायही तितकाच नेहमीचा: दर हंगामात कुणीतरी पायी चालत जाऊन भराव पाहायचा, भोक दिसलं की त्याच आठवड्यात बुजवायचं. थट्टा खेकड्याची झाली. प्रश्न हा विचारायला हवा होता, की बीळ दिसलं तर ते बुजवण्यासाठी कुणाच्या नावावर किती पैसे ठेवले होते?

क्लाउड क्रीकच्या आखणीकारांनी दरवाजा काढून टाकला आणि माणसाच्या चुकीची एक जागा कमी केली. अभियांत्रिकी म्हणून ते मला आजही थोर वाटतं. पण ज्या वस्तूला रोज हात लावावा लागत नाही, तिचा खर्च अंदाजपत्रकात सर्वांत आधी कापला जातो. म्हणून धरणाखाली घर बांधायला परवानगी देणाऱ्यानेच त्या धरणाच्या वार्षिक देखभालीचा वाटा वसूल करावा. घरपट्टीत ती ओळ छापून आली, तर निदान वर धरण आहे हे तरी घरातल्यांना कळेल.