धावणाऱ्याने हवामानाचं अ‍ॅप कसं निवडावं? सहा गैरसमज

चामराजपेट ही बंगळुरूच्या जुन्या किल्ल्याजवळ 1892 मध्ये वसवलेली पेठ. इथून पहाटे धावायला निघालेली मंडळी कुणी बसवनगुडीच्या ब्यूगल रॉककडे वळतात, कुणी थेट लालबाग गाठतात. समुद्रसपाटीपासून सुमारे 920 मीटर उंचीवरच्या या शहराची हवा धावायला सोयीची, पण लहरीही तितकीच. त्यामुळे कोणतं अ‍ॅप अचूक, यावर प्रत्येक गटात वाद असतोच. बहुतेक वेळा दोष अ‍ॅपचा नसून, एका आकड्याला भलताच प्रश्न विचारण्याचा असतो.

गैरसमज 1 : अ‍ॅपवर पेठेचं नाव दिसतं, म्हणजे हवामानही पेठेचंच.

वस्तुस्थिती : पेठेचं नाव मोबाइलच्या जीपीएसमुळे दिसतं, तिथे तापमापक असतोच असं नाही. ‘आत्ताचं तापमान’ म्हणून दिसणारा आकडा अनेकदा विमानतळाच्या नोंदीवर आधारलेला असतो, आणि देवनहळ्ळीचा विमानतळ शहराच्या मध्यापासून तीसेक किलोमीटर उत्तरेला आहे. हवामान खात्याची शहरातली वेधशाळा पॅलेस रोडवर आहे. अंदाजाचं गणित तर चौकोनांत मांडलेलं असतं. युरोपीय हवामान केंद्राच्या मुख्य प्रारूपात, म्हणजे संगणकी मॉडेलमध्ये, चौकोनाची बाजू सुमारे 9 किलोमीटर, अमेरिकेच्या जीएफएसमध्ये सुमारे 13, तर पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने विकसित केलेल्या आणि मे 2025 मध्ये सुरू झालेल्या भारत फोरकास्ट सिस्टीममध्ये 6. चामराजपेट, केआर मार्केट आणि लालबाग हे सगळं अशा एकाच चौकोनात मावू शकतं. गल्लीनिहाय दिसणारे आकडे बहुधा या चौकोनांवरून आकडेमोडीने काढलेले असतात.

गैरसमज 2 : ‘पावसाची शक्यता 40 टक्के’ म्हणजे हलका पाऊस.

वस्तुस्थिती : हा आकडा पाऊस किती पडेल ते सांगतच नाही. त्या वेळात त्या ठिकाणी मोजता येण्याइतका पाऊस पडण्याची शक्यता किती, एवढंच त्यातून कळतं. 40 टक्के असताना कोरडं राहिलं तर अंदाज चुकला असं होत नाही, आणि झोडपून काढलं तरीही नाही. हवामान खात्याच्या भाषेतला ‘तुरळक ठिकाणी’ हा शब्द वेगळी गोष्ट सांगतो : त्या विभागातल्या जास्तीत जास्त पाव केंद्रांवर पाऊस. शक्यतेसोबत मिलिमीटरही दाखवणारं अ‍ॅप म्हणूनच अधिक कामाचं.

गैरसमज 3 : रात्री पाहिलेला तासातासाचा अंदाज दुसऱ्या दिवशी संध्याकाळीही चालतो.

वस्तुस्थिती : ऋतू कोणता, यावर ते ठरतं. एप्रिल-मेमध्ये दिवसभर तापलेल्या जमिनीवर दुपारनंतर गडगडाटी ढग उभे राहतात. असा एक ढग काही किलोमीटरचाच असतो आणि तासाभरात विरूनही जातो. तो जयनगरवर फुटेल की हेब्बाळवर, हे आदल्या रात्री कोणतंच प्रारूप खात्रीने सांगू शकत नाही. 2 जून 2024 रोजी बंगळुरूत 111.1 मिलिमीटर पाऊस झाला. जून महिन्यातल्या एका दिवसाचा शंभरहून अधिक वर्षांतला तो उच्चांक होता. अशा दिवसांत संध्याकाळी धावायचं असेल तर रात्रीचं चित्र विसरून निघण्याआधी हवामान खात्याचा पुढच्या तीन तासांचा इशारा बघावा. कर्नाटकच्या आपत्ती निरीक्षण केंद्राचं स्वयंचलित पर्जन्यमापकांचं जाळं शहरभर पसरलेलं आहे. आत्ता कुठे कोसळतोय, हे त्यांच्या नोंदी जास्त नेमकेपणाने सांगतात.

विजेसाठी वेगळं अ‍ॅप हवं. पुण्याच्याच उष्णदेशीय हवामान संस्थेचं ‘दामिनी’ 20 आणि 40 किलोमीटरच्या परिघातल्या विजांची सूचना देतं. पाऊस सुरू व्हायच्या आधीही वीज पडू शकते. चमक आणि गडगडाट यांत 30 सेकंदांपेक्षा कमी अंतर असेल, तर वीज साधारण 10 किलोमीटरच्या आत आहे. लगेच पक्क्या इमारतीत जावं आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. लालबागेतल्या झाडाखालचा आडोसा हा आडोसा नव्हे.

गैरसमज 4 : आर्द्रता 90 टक्के दिसली, म्हणजे पहाट दुपारपेक्षा दमट.

वस्तुस्थिती : ही आर्द्रता सापेक्ष असते. हवा गार झाली की, तिच्यात वाफ तेवढीच असूनही टक्केवारी चढते. पहाटे 20 अंश आणि 90 टक्के असेल तर दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं दव होऊ लागतं तो आकडा, सुमारे 18 अंश येतो. दुपारी 33 अंश आणि 35 टक्के असेल तर तो सुमारे साडेपंधरा. म्हणजे या दोन वेळांच्या वाफेत फरक फार नाही. पण एकीकडे 90 आणि दुसरीकडे 35 बघून माणूस चकतो. घाम किती सुकेल याचा अंदाज दवबिंदूवरून अधिक चांगला येतो. दवबिंदू 20 च्या वर गेला की बहुतेकांना धावणं जड जातं. अ‍ॅपमध्ये दवबिंदू दिसतो का, हे म्हणूनच आधी बघावं.

गैरसमज 5 : ‘जाणवणारं तापमान’ 30 अंश, म्हणजे धावतानाही तितकंच जाणवेल.

वस्तुस्थिती : या हिशेबांचा एक प्रसिद्ध पाया, उष्णता निर्देशांक, रॉबर्ट स्टेडमन यांनी 1979 मध्ये मांडला. त्यात सावलीत चालणारा माणूस गृहीत धरलेला आहे. धावणाऱ्याचं शरीर त्याहून किती तरी जास्त उष्णता तयार करतं, आणि वर ऊन असेल तर भार आणखी वाढतो. लांब पल्ल्याच्या शर्यतींचे आयोजक म्हणूनच ऊन, वारा आणि दमटपणा एकत्र मोजणारा ‘वेट बल्ब ग्लोब’ निर्देशांक वापरतात.

‘बंगळुरूची हवा गार, ऊन लागत नाही’ ही समजूतही याच जातीची. अतिनील किरणांचा तापमानाशी थेट संबंध नाही. उंची हजार मीटरने वाढली की ते सुमारे 10 टक्क्यांनी वाढतात आणि विरळ ढगांतूनही खाली पोचतात. अतिनील निर्देशांक 3 किंवा त्याहून जास्त असेल तर जागतिक आरोग्य संघटना टोपी आणि सनस्क्रीन सुचवते.

गैरसमज 6 : पहाटेची हवा सगळ्यांत स्वच्छ, आणि एक्यूआय (हवा गुणवत्ता निर्देशांक) कुठेही पाहिला तरी सारखाच.

वस्तुस्थिती : डिसेंबर-जानेवारीत पहाटे जमिनीलगत गार हवेचा थर साचतो आणि धूर त्यात अडकतो. त्यातच केआर मार्केटचा घाऊक बाजार पहाटेच भरतो, मालाच्या गाड्यांची ये-जा असते. ऊन चढल्यावर हवा वर उठते आणि धूर पांगतो. हिवाळ्यात म्हणूनच तासभर उशिरा निघणं कधी कधी बरं पडतं.

एक्यूआय मोजण्याच्या पट्ट्या तर देशागणिक वेगळ्या. हवेतल्या अतिसूक्ष्म कणांचं, म्हणजे पीएम 2.5 चं, प्रमाण घनमीटरला 60 मायक्रोग्रॅम असेल, तर भारतीय पट्टीवर तो 100, म्हणजे ‘समाधानकारक’. तोच अमेरिकी पट्टीवर 150 च्या वर, ‘अपायकारक’. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं ‘समीर’ भारतीय पट्टी वापरतं. पण भारतीय एक्यूआयमध्ये पीएम 2.5 ची 24 तासांची सरासरी धरतात, त्यामुळे पहाटेची उसळी त्यात बुजते. चामराजपेटवाल्यांनी शहराच्या सरासरीऐवजी होंबेगौडा नगर केंद्राची ताजी पीएम 2.5 नोंद बघावी.

मग निवडायचं कसं?

दिसायला देखणं किंवा पदरचे पैसे मोजायला लावणारं अ‍ॅप अचूक असतंच असं नाही. अनेक खासगी अ‍ॅप मुळात याच जागतिक प्रारूपांवर उभी असतात. अधिकृत इशारे मात्र हवामान खातंच देतं, आणि त्याचं ‘मौसम’ अ‍ॅप मोफत आहे.

नवं अ‍ॅप घेताना तीन गोष्टी तपासाव्यात : आकडा कुठल्या केंद्राचा किंवा प्रारूपाचा, तो किती वाजता अद्ययावत झाला, आणि दवबिंदू व मिलिमीटर दाखवले आहेत का. ‘विंडी’सारख्या अ‍ॅपमध्ये एकाच ठिकाणासाठी वेगवेगळी प्रारूपं शेजारी ठेवून बघता येतात. ती एकमताने कोरडं सांगत असतील तर बूट बांधा. त्यांच्यात फाटाफूट असेल, तर ज्या वाटेवरून लवकर घरी परतता येईल, अशीच वाट त्या दिवशी धरा.