पेणचे रिटायर्ड सुपरहिरो

ना केप, ना मास्क, ना उडता येतं. हातात फक्त सातबारा आणि खिशात एसटीचं तिकीट. तरीही रायगडातल्या या म्हाताऱ्या योद्ध्यांनी एक अख्खी लढाई जिंकून दाखवली. आता सिक्वेल आलाय, आणि हिरोची जागा रिकामी आहे.

सुपरहिरोंच्या सिनेमाचा एक ठरलेला फंडा असतो. जुना योद्धा रिटायर झालाय. केस पिकलेत, पोट सुटलंय, युनिफॉर्म ट्रंकेत पडून कसरीनं खाल्लाय. ‘द इन्क्रेडिबल्स’ (२००४) आठवतोय ना? त्यातला मिस्टर इन्क्रेडिबल तर चक्क इन्शुरन्स कंपनीत नोकरी करतो, तुमच्या-आमच्यासारखाच क्युबिकलमध्ये बसून बॉसची बोलणी खातो. कॅप्टन अमेरिका १९४१ मध्ये जन्मला तोच हिटलरशी लढायला. महायुद्ध संपलं, त्याचं काम संपलं. पण १९६४ मध्ये कॉमिक्सवाल्यांनी त्याला बर्फातून काढून पुन्हा कामाला जुंपलं. कारण जुनं भांडण मिटलेलंच नसतं. फोन वाजतो, म्हातारा उठतो, ट्रंक उघडतो आणि थिएटरमध्ये शिट्ट्या पडतात.

आता सीन बदला. मुंबईहून गोवा हायवे धरा आणि पनवेल मागे टाका. पुढे पेण. तुम्हाला पेण माहीत असतं ते गणपतीच्या मूर्तींसाठी, पोह्याच्या पापडांसाठी आणि अलिबागच्या वीकेंडला वडखळ नाक्यावर अडकलेल्या गाडीसाठी. पण २००६ ते २००९ या काळात या तालुक्यात जे घडलं, त्याची स्क्रिप्ट अगदी वर सांगितली तशीच होती.

एंट्री ऑफ द हिरो

देशात २००५ मध्ये सेझचा, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्रांचा कायदा झाला आणि फेब्रुवारी २००६ पासून तो लागूही झाला. रायगडात ‘महामुंबई सेझ’ची घोषणा झाली. रिलायन्सशी संबंधित हा प्रकल्प उरण, पनवेल आणि पेण या तीन तालुक्यांतल्या ४५ गावांवर बेतलेला होता. जमीन लागणार होती सुमारे १० हजार हेक्टर. म्हणजे किती? तर बोरिवलीचं अख्खं नॅशनल पार्क साधारण एवढंच भरतं.

समोर देशातला सगळ्यात मोठा उद्योगसमूह, मदतीला सरकारची भूसंपादन यंत्रणा आणि १८९४ चा इंग्रजांच्या काळातला कायदा. गावकऱ्यांच्या बाजूनं उभं कोण राहणार?

उभे राहिले एन. डी. पाटील. जन्म १९२९, सांगली जिल्ह्यातल्या ढवळी गावचा. म्हणजे सेझची लढाई पेटली तेव्हा वय अठ्ठ्याहत्तरीच्या घरात! शेतकरी कामगार पक्षाचे नेते, संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत घडलेला माणूस, १९७८ ते १९८० मध्ये राज्याचे सहकारमंत्री, नंतर रयत शिक्षण संस्थेचे चेअरमन. या वयात माणूस नातवंडांना गोष्टी सांगतो, पेन्शनचे हिशेब करतो. एन. डी. मात्र सेझविरोधी संघर्ष समितीचं नेतृत्व करत कोल्हापूरहून रायगडात येत राहिले, गावोगाव सभा घेत राहिले.

आणि कहानी में ट्विस्ट? सेझचा कायदा आणला तो केंद्रातल्या यूपीए सरकारनं. त्या सरकारात कृषिमंत्री होते शरद पवार, म्हणजे एन. डीं.चे सख्खे मेहुणे. कौटुंबिक सिरियलवाल्यांनाही सुचणार नाही असा प्लॉट! पण नातं नात्याच्या जागी आणि लढाई लढाईच्या जागी, हे या माणसानं आयुष्यभर पाळलं.

फ्लॅशबॅक

हे भांडण २००६ चं नव्हतंच. ते समजायला आणखी मागे जावं लागतं.

पेण आणि अलिबागच्या खाडीकाठच्या पट्ट्याला खारेपाट म्हणतात. समुद्राला बांध घालून, मिठाची जमीन धुऊन धुऊन इथल्या लोकांनी ती भाताखाली आणली. पण तिच्यावर हक्क होता खोतांचा आणि सावकारांचा. कुळानं राबायचं, आणि खळ्यावरचं बरंचसं भात खोताच्या घरी जायचं. १९३३ मध्ये पेणच्या शेजारी, अलिबाग तालुक्यातल्या चरी गावात शेतकऱ्यांनी ठरवलं: जमीन कसायचीच नाही. संप! तोही एक-दोन दिवसांचा नाही, तब्बल सहा वर्षांचा. घरात दाणा नाही, तरी नांगर खाली ठेवलेला. नेते होते नारायण नागू पाटील. डॉ. बाबासाहेब आंबेडकर या शेतकऱ्यांच्या पाठीशी उभे राहिले आणि १९३७ मध्ये त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. पुढे कुळकायदे आले आणि १ एप्रिल १९५७ हा ‘कृषक दिन’ ठरला. कसणाऱ्याचं नाव सातबारावर चढायला लागलं.

पुढचा राउंड उरणचा. नवी मुंबई आणि न्हावा-शेवा बंदरासाठी जमिनी गेल्या, तेव्हा मोबदल्यासाठी दि. बा. पाटील उभे राहिले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला गोळीबार झाला, पाच जणांचा जीव गेला. त्या रक्तातून पुढे साडेबारा टक्क्यांची योजना निघाली. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन मूळ मालकाला परत! नवी मुंबईत आज ज्या इमारतींमध्ये तुमचे मित्र भाड्यानं राहतात, त्यांतल्या कित्येक याच योजनेच्या प्लॉटवर उभ्या आहेत.

म्हणजे १९३३, १९८४ आणि २००६. व्हिलन दर वेळी वेगळा. कधी खोत, कधी सरकार, कधी कंपनी. प्रश्न मात्र तोच: जमिनीचं काय करायचं, हे ठरवणार कोण?

क्लायमॅक्समध्ये फायटिंग नाही

सिनेमात क्लायमॅक्सला बिल्डिंगा कोसळतात. पेणच्या क्लायमॅक्सला लोकांनी रांगा लावल्या.

पेण तालुक्यात हेटवणे नावाचं धरण आहे. धरण झालं, पण शेतीला पाणी नेणाऱ्या कालव्यांची कामं रखडली, आणि हेटवण्याचं पाणी सिडकोच्या नव्या शहरांना मिळू लागलं. खारघरच्या फ्लॅटमध्ये सकाळी शॉवर सोडता ना? त्यात हेटवण्याचा वाटा आहे, बॉस. शेतकऱ्यांचं म्हणणं साधं होतं: ज्या जमिनीला पाणी देण्यासाठी धरण बांधलं, तीच जमीन कंपनीसाठी कशी काय घेता?

या एका मुद्द्यावर सरकारला माघार घ्यावी लागली. २१ सप्टेंबर २००८ ला हेटवणे लाभक्षेत्रातल्या २२ गावांत शेतकऱ्यांचं मत घेतलं गेलं. सेझ हवा की नको? सेझसाठी शेतकऱ्यांना थेट विचारण्याची देशातली ही पहिलीच वेळ मानली जाते. मतदान करणाऱ्यांचा कौल प्रचंड बहुमतानं गेला ‘नको’च्या बाजूनं.

दुसरा वार केला घड्याळानं. जुन्या भूसंपादन कायद्यात कलम सहाची घोषणा झाली की दोन वर्षांत निवाडा व्हावा लागतो, नाहीतर सगळं मुसळ केरात. त्यातच एप्रिल २००७ मध्ये केंद्रानं सेझला पाच हजार हेक्टरची मर्यादा घातली. गावकरी हरकती नोंदवत राहिले, मोजणीला विरोध करत राहिले. २००९ च्या जूनमध्ये मुदत संपली आणि भूसंपादन बारगळलं.

बघा, यात सुपरपॉवर कुठे आहे? एन. डीं.नी कुणाला उचलून आपटलं नाही. त्यांच्याकडे होती कायद्याची पक्की माहिती, पन्नास-साठ वर्षांच्या चळवळींचा अनुभव आणि या माणसाला विकत घेता येत नाही हा लोकांचा विश्वास. पहिल्या दोन गोष्टी शिकता येतात. तिसरी मात्र कमवायला अख्खं आयुष्य लागतं. म्हणूनच तर म्हाताऱ्यांना बोलवावं लागतं!

सगळंच ब्लॅक अँड व्हाइट नाही

आता दुसरी बाजू. सेझ गेला म्हणजे गावांत आबादीआबाद झाली का? नाही. खारेपाटात उधाणाला बांध फुटतो, बांधाला खांडी पडतात, खारं पाणी शेतात शिरतं आणि पुढची काही वर्षं भात होत नाही. शिकलेल्या पोराला भातशेतीत राहायचं नसतं, त्याला नोकरी हवी असते. सेझच्या वेळीही ‘चांगला भाव देता ना, मग घ्या’ म्हणणारे शेतकरी होतेच. साडेबारा टक्क्यांतून काहींनी आयुष्य उभं केलं, तर काहींनी गाड्या घेतल्या, लग्नं उडवली आणि दहा वर्षांत हात रिकामे. तेव्हा ‘प्रकल्प म्हणजे राक्षस’ एवढं सोपं हे गणित नाही. पण विकायचं की राखायचं, हे ठरवण्याचा अधिकार माझा, एवढाच या सगळ्या लढायांचा मुद्दा होता. आणि तो कुणीही मान्य करावा असा आहे.

सिक्वेल

पेणहून दक्षिणेला रोहा. कुंडलिकेच्या काठचं गाव, शेजारी धाटावची केमिकल एमआयडीसी. पेणचा सेझ मिटतो न मिटतो तोच दिल्ली-मुंबई इंडस्ट्रियल कॉरिडॉरची हाक रोहा, माणगाव, तळा या बाजूला आली. पुन्हा नोटिसा, पुन्हा हरकती, पुन्हा मोर्चे. इथे पुढे होत्या सर्वहारा जन आंदोलनाच्या उल्का महाजन, ज्या पेणच्या सेझविरोधी लढाईतही होत्या. २०२० मध्ये रोहा-मुरूड पट्ट्यात औषध कारखान्यांसाठी बल्क ड्रग पार्कचा प्रस्ताव आला. २०२२ मध्ये केंद्रानं हिमाचल, गुजरात आणि आंध्रची निवड केली. मुंबईत राजकारणी ‘प्रकल्प गेला हो’ म्हणून भांडले. ज्यांच्या जमिनी जाणार होत्या त्यांना काय वाटलं, हे विचारायला फार कमी कॅमेरे रोह्यापर्यंत आले.

आणि आता ताजा भाग. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू सुरू झाला. त्याच वर्षी उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतल्या १२४ गावांमध्ये नवं शहर वसवण्यासाठी एमएमआरडीएची नेमणूक झाली. हीच ती ‘तिसरी मुंबई’. तालुके ओळखीचे वाटतात ना? सेझचेच तीन. गावं मात्र ४५ वरून १२४.

फरक एवढाच, की या वेळी फोन करायचा कुणाला? दि. बा. २०१३ मध्ये गेले. एन. डी. पाटील १७ जानेवारी २०२२ ला, वयाच्या ९२ व्या वर्षी. योगायोग बघा, १९८४ च्या गोळीबाराचीही दुसरी तारीख तीच. ट्रंक तिथेच आहे, युनिफॉर्म घालणारं कुणी नाही.

की आहे? या १२४ गावांतली कितीतरी पोरं आज बेलापूर, ऐरोली, बीकेसीच्या ऑफिसांत बसतात. एक्सेल येतं, इंग्रजी नोटीस वाचता येते, माहितीच्या अधिकाराचा अर्ज ऑनलाइन करता येतो. नारायण नागूंच्या काळात एवढं असतं तर सहा वर्षांचा संप कदाचित दोन वर्षांत मिटला असता! आणि तुम्ही त्या गावचे नसलात, तरी ‘थर्ड मुंबईत प्री-लाँच ऑफर’चा एसएमएस तुम्हालाही आलाच असेल. प्लॉट बुक करण्याआधी त्या सातबारावर आधी कुणाचं नाव होतं आणि ते कसं उतरलं, एवढं तरी बघाच.

खारेपाटात एक जुनी रीत आहे. उधाणाच्या रात्री बांध फुटला, की सुपरहिरोची वाट बघत कुणी बसत नाही. घरटी एक माणूस बाहेर पडतो, हातात घमेलं आणि फावडं घेऊन. बांधावर चिखल टाकताना तुमचं वय कुणी विचारत नाही.

रविवारची राइड: चार थांबे

गागोदे (पेण): विनोबा भाव्यांचं जन्मगाव. जमीन दान मागत देशभर पायी फिरलेला माणूस याच तालुक्यातला, जन्म १८९५.

हेटवणे (पेण): २२ गावांच्या मतदानाला कारण झालेलं धरण. पावसाळ्यानंतर हिरवंगार.

चरी (अलिबाग): सहा वर्षांच्या संपाचं गाव. बीचवर जाताना अर्धा तास काढाच.

जासई (उरण): दि. बां.चं गाव. दर जानेवारीत इथे १९८४ च्या हुतात्म्यांना अभिवादन होतं.