आरागॉनचे पडके गड

प्रतिवर्षी दिवाळीच्या सुटीनंतर शाळा पुन्हा भरली म्हणजे वर्गातील दोघे-चौघे तरी एखादा गड पाहून आलेले असतात, आणि त्यांच्या तोंडून हटकून एकच प्रश्न ऐकू येतो, "गुरुजी, हा गड पाडला कोणी?" आपल्याकडील कित्येक गडांच्या बाबतीत उत्तर सोपे आहे. इ. स. १८१८ मध्ये पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनी पुष्कळ गडांच्या वाटा व पायऱ्या सुरुंग लावून उडविल्या, हे इतिहासाचे पुस्तक सांगतेच. परंतु एवढ्याने प्रश्न मिटत नाही, असे आम्हांस पूर्वीपासून वाटत असे. पुढे स्पेन देशातील आरागॉन प्रांताचे तीन जुने गड पाहण्याचा योग आला, तेव्हा तो का मिटत नाही हे नीट उमगले. ती हकीकत येथे सांगण्याचे योजिले आहे.

फ्रान्स व स्पेन यांच्यामध्ये पिरिनीज पर्वत भिंतीसारखा आडवा पसरला आहे. त्याचे सर्वांत उंच शिखर आनेतो हे ३,४०४ मीटर, म्हणजे अकरा हजार फुटांहून अधिक उंच असून ते आरागॉनच्या हुएस्का जिल्ह्यात आहे. हा पर्वत दक्षिणेकडे उतरत जातो तसतशा त्याच्या चुनखडीच्या लहान लहान रांगा होतात, आणि शेवटच्या रांगेच्या पायथ्याशी धान्य पिकविणारे सपाट मैदान लागते. आम्ही पाहिलेल्या तीन गडांपैकी दोन या शेवटच्या रांगेवर, व तिसरा तिच्यासमोर मैदानातील एका टेकडीवर आहे. ही जागा सहजगत्या निवडलेली नव्हे. इ. स. ७११ मध्ये मुसलमानी सैन्य आफ्रिकेतून स्पेनमध्ये उतरले आणि थोड्याच वर्षांत बहुतेक देश त्याच्या ताब्यात गेला. उत्तरेकडील डोंगराळ मुलखात मात्र लहान ख्रिस्ती राज्ये उदयास आली. अकराव्या शतकाच्या आरंभी वरचा डोंगर ख्रिस्ती राजांचा, तर खालचे मैदान व हुएस्का शहर मुसलमानी अमलाखाली, अशी स्थिती होती. अर्थात ही शेवटची रांग म्हणजे दोन राज्यांची शीव होती.

येथे एका शब्दाची मौज सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. आपला 'किल्ला' हा शब्द मुळात अरबी असून फारशीच्या वाटेने मराठीत आला. तोच अरबी शब्द मुसलमानांबरोबर स्पेनमध्येही गेला. आरागॉनमधील कालातायुद या शहराच्या नावाचा अर्थ 'अय्यूबचा किल्ला' असा आहे, आणि आल्काला नावाची जी गावे त्या देशात ठिकठिकाणी आढळतात त्यांच्या नावाचा अर्थ नुसता 'किल्ला' एवढाच. तेव्हा सिंहगड चढणारा आपला विद्यार्थी व आल्काला येथील शेतकरी हे एकमेकांस न ओळखता एकच शब्द उच्चारीत असतात.

पहिला गड लोआर्रे. हुएस्का शहराच्या वायव्येस सुमारे तीस किलोमीटरांवर, समुद्रसपाटीपासून साडेतीन हजार फूट उंचीवर, तो एका उघड्या खडकावर बसला आहे. नावारेचा राजा तिसरा सांचो याने १०२० च्या सुमारास तो बांधविला. समोरच्या मैदानात बोलेआ हे मुसलमानांचे ठाणे होते, व त्यावर नजर ठेवणे हे या गडाचे मुख्य काम. पुढे आरागॉनचा राजा सांचो रामीरेस याने गड वाढवून १०७१ मध्ये तेथे धर्मगुरूंचा मठ स्थापिला आणि संत पेत्राच्या नावाने घुमटाचे एक सुंदर उपासनामंदिर उभारण्यास आरंभ केला. गडात शिरणारा जिना या मंदिराच्या खालूनच वर जातो. बाहेरचा तट नंतरच्या काळातील आहे. त्याचे अर्धगोल बुरूज आतल्या बाजूने उघडे आहेत. शत्रूने एखादा बुरूज घेतला तरी आतल्या शिपायांपासून त्याला तेथे आडोसा मिळू नये, हा त्यातील हेतू.

इतका भक्कम गड ओस कसा पडला? शत्रूने जिंकून नव्हे. इ. स. ११०१ मध्ये बोलेआ ख्रिस्ती राजाने घेतले, शीव दक्षिणेकडे सरकली, आणि पहारा करण्यास कोणी उरले नाही. तटाशी वसलेले गावही पुढे पाण्याच्या व शेतीच्या सोयीसाठी खाली उतरले. सुदैवाने १९०६ मध्ये स्पेनच्या सरकारने गडास राष्ट्रीय स्मारक ठरविले व नंतर त्याची डागडुजी झाली. म्हणूनच तो आज इतका धड दिसतो.

दुसरा गड मोंतेआरागॉन. हा हुएस्का शहराच्या पूर्वेस अगदी जवळ, एका टेकडीवर आहे. हुएस्का जिंकावयाचे म्हणून सांचो रामीरेस याने १०८६ च्या सुमारास तो शहराच्या डोळ्यांसमोर उभारला. राजा १०९४ मध्ये वेढ्यातच मरण पावला. त्याचा पुत्र पेद्रो याने १०९६ मध्ये शहर घेतले. म्हणजे जे कार्य साधण्यासाठी गड बांधला, ते दहा वर्षांत संपले! शहरातील मोठ्या मशिदीच्या जागी पुढे मुख्य ख्रिस्तमंदिर झाले. आम्ही ख्रिस्ती आहोत. तथापि तरवारीने जिंकलेल्या जागेवर उभारलेले मंदिर पाहताना आमच्या मनास निर्भेळ आनंद झाला, असे आम्हांस म्हणवत नाही. ज्याने पेत्रास तरवार म्यानात घालण्यास सांगितले, त्याच पेत्राच्या नावाचे मंदिर लोआर्रेच्या तटाच्या आत आहे, हेही त्या वेळी आठवल्यावाचून राहिले नाही.

मोंतेआरागॉनचा पुढे मोठा मठ झाला. सारागोसा जिंकणारा राजा पहिला आल्फोन्सो यास ११३४ मध्ये तेथेच पुरले. सुमारे सातशे वर्षे मठ नांदला. मग १८३५-३६ च्या सुमारास स्पेनच्या सरकारने देशातील मठ बंद करून त्यांच्या मिळकती विकावयास काढल्या, आणि त्यानंतरच्या काळात इमारतीस आगही लागली. आल्फोन्सोच्या अस्थी आता हुएस्का शहरातील संत पेत्राच्या जुन्या मंदिरात आहेत. टेकडीवर पोकळ बुरूज व उंच भिंती तेवढ्या राहिल्या आहेत.

तिसरा मार्क्वेयो. हा लोआर्रेच्या पश्चिमेस असून येथे बुरुजाच्या भिंतीचा एक उंच तुकडा आभाळाकडे बोट दाखवीत उभा आहे. समोर रिग्लोस येथील तांबूस खडकांचे प्रचंड सुळके दिसतात व गिधाडे पंख न हालविता घिरट्या घालीत असतात. पडकी इमारत कशी मरते, हे शिकावयाचे तर अशाच ठिकाणी शिकावे. जुन्या तटाच्या भिंतीस बाहेरून व आतून घडीव दगडांचे दोन पदर असतात आणि मध्ये चुना व दगडगोटे यांची भर असते. प्रथम छप्पर जाते. मग पावसाचे पाणी मधल्या भरावात मुरते. हिवाळ्यात ते गोठून फुगते व चिरा रुंद करते. चिरांत झुडपे रुजतात. इतके झाल्यावर मनुष्य येतो. घडीव दगड पुन्हा खाणीतून काढण्यापेक्षा ओसाड गडावरून आणणे स्वस्त पडते. म्हणून ते गोठ्याला, कुंपणाला व घराच्या चौकटीला जातात. घडीव पदर गेला की उघडी भर पावसात ढासळू लागते. मार्क्वेयोच्या शेजारी मारियेच्या नावाचे एक लहान उपासनामंदिर आहे; ते मात्र धड आहे, कारण लोक अजून तेथे जातात व त्याची कौले शाकारतात.

आता आमचा एक अपराध कबूल करावयाचा आहे. मार्क्वेयोच्या भिंतीपाशी गवतात एक लहानसा घडीव दगड पडला होता. शाळेच्या संग्रहात शोभेल, मुलांस दाखविता येईल, असे मनात आणून आम्ही तो पिशवीत घातला. शंभर पावले उतरलो असू नसू, तोच आमच्याच वर्गातील तो प्रश्न कानांत घुमू लागला, "गुरुजी, हा गड पाडला कोणी?" आम्ही तसेच माघारी फिरलो व दगड जेथला तेथे ठेविला.

तेव्हा आमचे उत्तर हे असे. सुरुंगाने पडलेले गड आहेत, नाही असे नाही. पण बहुतेक गड गरज सरल्यामुळे ओस पडतात, आणि ओस पडल्यावर एकेक दगड नेणाऱ्या सज्जन माणसांच्या हातून नाहीसे होतात. म्हणून विद्यार्थी मित्रहो, तुम्ही आपल्या किंवा परक्या मुलखातील गडावर जाल, तेव्हा बरोबर पाणी न्या, सकाळी लवकर चढा, सुटलेल्या भिंतीवर पाय देऊ नका. शीव कोठे होती, पाणी कोठून येत होते, दगड कोठे गेले, हे तीन प्रश्न त्या जागेस विचारा. आणि परतताना आपली पिशवी एकदा तपासून पाहा. ती येताना होती तितकीच हलकी असली, म्हणजे गड तुमच्या हातून पडला नाही, असे खुशाल समजा.