लेसरला केस आणि त्वचा वेगळी दिसते का?

उन्हात काळी छत्री पांढऱ्या छत्रीपेक्षा लवकर तापते, हे तुम्ही अनुभवले असेलच. काळा रंग प्रकाश अधिक शोषतो. नको असलेले केस लेसरने काढण्याच्या उपचारामागेही हेच तत्त्व आहे. प्रकाशाने शरीरातील नेमके रंगद्रव्यच तापवण्याची ही कल्पना अँडरसन आणि पॅरिश या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९८३ साली मांडली. केसातील मेलॅनिन हे रंगद्रव्य प्रकाश शोषून तापते आणि त्या उष्णतेने केसाचे मूळ निकामी होते. म्हणूनच पांढऱ्या केसांवर लेसरची मात्रा चालत नाही!

पण मेलॅनिन त्वचेतही असते. सावळ्या त्वचेत अधिक. लेसरला हा फरक कळत नाही. त्वचाच तापली तर ती भाजते, डाग पडतात. ७५५ नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश मेलॅनिन जास्त शोषते, १०६४ नॅनोमीटरचा कमी. म्हणून सावळ्या त्वचेला दुसरा अधिक सुरक्षित.

घरात कोणी हा उपचार घेणार असेल, तर त्वचारोगतज्ज्ञांना आधी विचारायला सांगा : तरंगलांबी कोणती? त्वचा थंड कशी ठेवणार? लहानशा जागी चाचणी घेणार का? डोळ्यांना संरक्षक चष्मा देणार ना? उत्तरे मिळेपर्यंत घाई करू नये.