ओटिंगचा दोष कोणाच्या माथी?

४ डिसेंबर २०२१ रोजी नागालँडच्या मोन जिल्ह्यात, ओटिंग गावाजवळ, कोळसा खाणीतून घरी परतणाऱ्या मजुरांच्या वाहनावर लष्कराच्या विशेष पथकाने गोळीबार केला. त्यात सहा जण मृत्युमुखी पडले. संतप्त गावकऱ्यांशी झालेल्या संघर्षात आणखी बळी गेले. वाहन इशारा देऊनही थांबले नाही आणि ओळखण्यात चूक झाली, असे गृहमंत्र्यांनी संसदेत सांगितले. राज्याच्या तपास पथकाने मात्र २०२२ मध्ये एका मेजरसह ३० जणांवर आरोपपत्र ठेवले.

खटला उभा राहिलाच नाही. सशस्त्र दले (विशेषाधिकार) कायद्याच्या सहाव्या कलमान्वये केंद्राची पूर्वपरवानगी लागते. केंद्राने ती नाकारली. १७ सप्टेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जवानांविरुद्धची फौजदारी कारवाई बंद केली. पुढे परवानगी मिळालीच तर ती पुन्हा सुरू होऊ शकेल आणि शिस्तभंगाची कारवाई करण्यास लष्कर मोकळे आहे, एवढे त्यात नमूद आहे.

बंदुकीचा चाप ओढणारा जवान हुकमाचा ताबेदार असतो, त्याच्यापुढे क्षणभराचाच अवकाश असतो. म्हणून तो निर्दोष ठरत नाही. पण त्याची बाजू न्यायालयात तरी ऐकली गेली असती. परवानगी नाकारणाऱ्यांसमोर ना दबा धरून बसलेला शत्रू होता, ना मावळतीचा अंधूक प्रकाश. समोर आरोपपत्र होते आणि हाताशी कित्येक महिने. त्या नकारावर स्वाक्षरी करणाऱ्याला मात्र कोणत्याही आरोपपत्रात जागा नाही.